केनेपा पाहिल्याशिवाय कुरासाव सोडू नये

कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटाची राजधानी विलेमस्टाड पाहायला पर्यटक जहाजावरून उतरून मिळणारा अर्धा दिवस पुरतो, असे मत मांडले जाते; हांडेल्सकाडे या धक्क्यावरच्या रस्त्यावरील रंगीत घरांपुरते ते मान्य आहे. १८८८ सालचा तरंगता पूल बाजूला सरकू लागला की पायांखालच्या फळ्यांना येणारी थरथरही तेवढ्या वेळात अनुभवता येते. मात्र बेटाच्या पश्चिमेकडील केनेपा या किनाऱ्याचा असे म्हणणारे उल्लेखच करत नाहीत, याची खंत वाटते.

बहुतेक पर्यटक तिथल्या निळ्याशार समुद्रात पोहून परततात. पण जवळच्याच मळ्यावर १७ ऑगस्ट १७९५ रोजी तुला नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मजुरांनी कामाला नकार दिला आणि मग इतर मळ्यांवरचे लोकही त्यांना येऊन मिळत गेले. फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली आहे आणि या बेटावर सत्ता असलेले हॉलंड आता फ्रेंचांच्या हाती आहे, तेव्हा आम्हीही मुक्तच आहोत, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि तो आजही थक्क करतो. ३ ऑक्टोबरला त्याला हालहाल करून मारण्यात आले. बेटावरची गुलामगिरी संपायला १८६३ साल उजाडले. जहाजाच्या वेळापत्रकात हे बसत नाही, म्हणून निदान एक रात्र मुक्काम करावा आणि गाडी घेऊन तिकडे जावे.