जपानची उन्हाळी आतषबाजी: आईला घेऊन सुमिदाला जावे की नागाओकाला?

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

सप्रेम नमस्कार. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी, पत्नी आणि सत्तरीला टेकलेली आई असे तिघे जपानला जाणार आहोत. आईला गावच्या जत्रेतल्या दारूकामाचे लहानपणापासून वेड आहे. जपानमध्ये नदीकाठी तास-दीड तास चालणाऱ्या आतषबाजीचे चित्रीकरण पाहिल्यापासून तिने देवळे आणि बागा बाजूला सारून हाच एक हट्ट धरला आहे. टोकियोतल्या सुमिदा नदीवरचा कार्यक्रम जुलैच्या शेवटच्या शनिवारी असतो आणि निइगाता प्रांतातल्या नागाओका शहराचा दर वर्षी २ व ३ ऑगस्टला असतो, एवढे मला कळले आहे. दोन्ही पाहावेत की एकच नीट पाहावा? आई सतरंजीवर दोन तास बसू शकेल, पण गर्दीत तासन्‌तास उभे राहणे तिला झेपणार नाही. शिवाय आम्ही तिघेही शाकाहारी आहोत. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

एदोगावावासी

मी नोकरीनिमित्त टोकियोच्या पूर्व भागात राहतो आणि सुमिदाची आतषबाजी तीनदा पाहिली आहे. खरे सांगायचे तर पाहिली कमी आणि तिच्या दिशेने चाललो जास्त. या कार्यक्रमाची परंपरा १७३३ पर्यंत मागे नेली जाते, आजही तिथे सुमारे वीस हजार गोळे उडतात आणि पाहायला दहा लाखांच्या आसपास माणसे येतात. दोन्ही काठांना इमारतींची दाटी असल्यामुळे बसायला मोकळी जागा फारशी मिळत नाही. पोलीस रस्ते एकेरी करतात आणि बऱ्याच ठिकाणी थांबू देत नाहीत, त्यामुळे दोन इमारतींच्या फटीतून अर्धे फूल दिसते न दिसते तोच पुढे सरकावे लागते.

या कडक बंदोबस्तामागे कारण आहे. जुलै २००१ मध्ये आकाशी शहरात आतषबाजीच्या रात्री स्थानकाजवळच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा जीव गेला होता आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. तेव्हा पोलिसांनी चला म्हटले की मुकाट्याने चालावे. मात्र आईंना घेऊन सुमिदाला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोकियोतच पाहायचे असेल, तर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आमच्या एदोगावा नदीवर कार्यक्रम असतो. तिथला बंधारा उतरता आणि गवताळ आहे, बसायला बरा पडतो, आणि सुरुवातीलाच पाच सेकंदांत हजार गोळे उडवण्याची तिथली प्रथा आहे. अर्थात तो शनिवार २ किंवा ३ तारखेला येत असेल, तर आपल्याला एकाची निवड करावी लागेल.

पंचगंगा

अशी निवड करावी लागली तर नागाओकाच निवडावे. मी तिथे आठवड्याच्या मधल्या वारी गेले होते. तारखा ठरलेल्या असल्यामुळे त्या शनिवार-रविवारी आल्या तर गर्दी फार वाढते, म्हणून आपल्या वर्षी कोणता वार येतो ते आधी पाहावे.

हा उत्सव निव्वळ करमणुकीचा नाही, हे आईंना आधी जरूर सांगा. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकी विमानांनी या शहरावर आगीचे बॉम्ब टाकले, शहराचा बहुतेक भाग जळाला आणि चौदाशेहून अधिक माणसे गेली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी शहर पुन्हा उभारण्याचा उत्सव सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षी युद्धकाळात थांबलेली आतषबाजी परतली. आजही १ तारखेला रात्री साडेदहा वाजता मृतांच्या स्मरणार्थ फक्त पांढरे गोळे उडवतात. त्यांना 'शिरागिकु' म्हणजे पांढरी शेवंती म्हणतात. शक्य असेल तर एक दिवस आधीच पोहोचावे, कारण २ आणि ३ तारखेचा झगमगाट पाहण्याआधी ती पांढरी फुले पाहिलेली बरी.

तिथला 'सानशाकुदामा' म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटर व्यासाचा आणि तीनशे किलोच्या आसपास वजनाचा गोळा. तो उडवण्याआधी भोंगा वाजतो आणि काठावरची बडबड थांबते. एक बारीकशी रेघ वर चढत राहते. एवढा वेळ का लागतो आहे असे वाटू लागते, आणि मग सहाशे मीटर उंचीवर सारे आकाश भरून फूल उघडते, तेही अगदी निःशब्द. आवाज त्यानंतर येतो आणि तो कानांपेक्षा छातीला आधी कळतो. माझ्या पुढच्या चटईवर ठेवलेल्या बाटलीतले पाणी थरथरलेले मी पाहिले आहे. २००४ च्या भूकंपानंतर सुरू झालेला 'फिनिक्स' हा भाग नदीकाठी सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच वेळी उडवतात आणि त्यात डावीकडे पाहावे की उजवीकडे, हेच कळेनासे होते.

आता व्यवहाराचे. बसण्याच्या जागांची तिकिटे बहुतांशी आधीच सोडत काढून विकली जातात, त्यामुळे वसंतातच अर्ज करावा आणि आईंसाठी खुर्चीची जागा मागावी. स्थानकापासून नदीपर्यंत अर्धा तास चालावे लागते. त्या रात्री जादा शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन सोडतात, तरीही कार्यक्रमानंतर स्थानकावर भलीमोठी रांग लागते. म्हणून टोकियोला परतण्याचा अट्टहास करू नये. निइगाता किंवा एचिगो-युझावा इथे मुक्काम करावा, दोन्ही गावे शिनकानसेनने अर्ध्या तासाच्या आत आहेत.

हलवा

खाण्याविषयी लिहिते. जत्रेसारख्या लागलेल्या ठेल्यांवर ताकोयाकीत ऑक्टोपस आणि याकिसोबात बहुधा डुकराचे मांस असते. वरून भुरभुरवलेल्या माशाच्या किसामुळे भाजीचा पदार्थही बाद होतो. भाजलेले मक्याचे कणीस, लोणी घातलेला उकडलेला बटाटा, सरबत घातलेला बर्फाचा चुरा आणि पाकातले सफरचंद एवढ्यावर पोट भरावे लागते. त्यामुळे दशम्या किंवा ठेपले सोबत ठेवावेत. पाणी भरपूर घ्यावे, कारण संध्याकाळी सातलाही मुंबईसारखा घाम फुटतो. पाऊस आला तर छत्री उघडू नये, मागच्यांना दिसत नाही, रेनकोट बाळगावा. वाऱ्याच्या वाहत्या दिशेला कधीही बसू नये. मी बसले होते आणि दुसऱ्या अर्ध्या तासात मला फक्त उजळलेला धूर दिसला.

आईंना दारूकामाची आवड आहे म्हणून एक सांगते. जपानी गोळ्याच्या आत ज्या 'होशी' म्हणजे चांदण्या रचलेल्या असतात, त्या आपण संक्रांतीचा हलवा करतो तशाच वाढवतात. बारीक दाण्याभोवती ओल्या मिश्रणाचा थर चढवायचा, फिरवायचे, वाळवायचे आणि पुन्हा थर चढवायचा. स्ट्रॉन्शियमच्या थराने लाल, बेरियमच्या थराने हिरवा रंग येतो, म्हणूनच आकाशात एकाच पाकळीचा रंग बदलताना दिसतो. दाणे एकसारखे झाले नाहीत, तर फूल वाकडे उमलते.

निवांत

वरील सर्व अनुभवी मंडळींचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. सत्तरीतल्या बाईंना ऑगस्टच्या उकाड्यात लाखोंच्या गर्दीत नेण्याची गरजच काय? उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या तोया सरोवरावर एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत रोज रात्री वीसेक मिनिटांची आतषबाजी असते आणि ती हॉटेलच्या खिडकीतून दिसते. टोकियोहून शिनकानसेनने पाऊण तासावर असलेल्या आतामीच्या समुद्रकिनाऱ्यावरही वर्षभरात अनेकदा कार्यक्रम होतात. तिथे डोंगर तिन्ही बाजूंनी असल्यामुळे आवाज घुमतो.

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निवांत यांचा सल्ला मी आईला वाचून दाखवला, तर "खिडकीतून पाहायचे असेल तर घरी टीव्ही काय वाईट आहे?" असे उत्तर मिळाले. तेव्हा सुमिदा रद्द केले असून ३१ जुलैपासून चार रात्री निइगाताला मुक्काम करत आहोत; १ तारखेची पांढरी शेवंतीही पाहू. एक शेवटची शंका: तिथे सर्व जण युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो घालतात असे वाचले. पत्नीला तो घालायचा आहे, आई मात्र नऊवारीवर ठाम आहे. हे कुणाला खटकेल का?

पंचगंगा

मुळीच नाही, उलट शेजारच्या आजीबाई कौतुकाने कापड हातात घेऊन पाहतील, याची तयारी ठेवा. वहिनींना मात्र सांगा, की युकात्याची डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलट नेसवतात ते प्रेताला.