तानसेन ते ग्वाल्हेर: मोटारीनं परतीची वाट

प्रेषक: मामी, काठमांडू

नमस्कार मंडळी. नेपाळात पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेन गावच्या मिशन हॉस्पिटलात असलेलं आपलं एक ग्वाल्हेरचं कुटुंब डिसेंबरात कायमचं परत निघतंय. नवराबायको, सात वर्षांची मुलगी आणि तिथंच जन्मलेलं आठ महिन्यांचं बाळ. नाताळाला मोरारच्या घरी पोहोचायचंय. मुलांचे आजोबा स्वतःची एमपी-०७ ची गाडी घेऊन आणायला येतील. सोनौलीच्या सीमानाक्यानं यावं का? कागद काय लागतात, सामान किती बसेल? जाणत्यांनी सांगावं.

प्रेषक: नाना, लष्कर, ग्वाल्हेर

मामी, सोनौलीच. ग्वाल्हेर ते आग्रा १२० किलोमीटर, आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे ३०२, लखनौहून अयोध्या-बस्तीवरून गोरखपूर अंदाजे २७०, तिथून फरेंदा-नौतनव्यावरून सोनौली शंभराच्या आसपास. पलीकडे बुटवल २५ आणि वर घाटानं तानसेन ४०. भिंड-इटाव्याकडून गेलं तर किलोमीटर वाचतात, पण वाळूच्या ट्रकांमागे रांगण्यात वाचलेला वेळ जातो. लहान बाळ असताना तो मोह नको.

फास्टॅगचा वर्षाचा पास (२०२५ च्या १५ ऑगस्टपासूनचा) राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे उत्तर प्रदेश सरकारचा आहे, तिथं टोल नेहमीसारखा कापला जातो. पास आहे म्हणून वॉलेट रिकामं ठेवलं की गाडी नाक्यावर अडलीच.

निघण्याआधी विमा कंपनीकडून पॉलिसीवर नेपाळची पुरवणी घ्या. साधी पॉलिसी भारतापुरतीच असते. मोटार टॅरिफमध्ये या पुरवणीला ‘आयएमटी १’ म्हणतात, पॅकेज पॉलिसीला दर ५०० रुपये. एजंट ‘लागत नाही हो’ म्हणतो, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. पुरवणी लेखी आणि छापील घ्या.

सामानाचं म्हणाल तर, तीन मोठी माणसं आणि दोन मुलं बसल्यावर डिकीत जेमतेम दोन सुटकेसा राहतात. टपावरच्या कॅरिअरची मर्यादा बहुतेक गाड्यांत पन्नास किलोच्या आसपास असते, पुस्तिकेत बघून घ्या. वर कपडे-अंथरुणं, पुस्तकं आणि भांडी खाली, मागच्या सीटच्या पाठीला लागून. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर भरल्या गाडीचा हवेचा दाब वेगळा दिलेला असतो, मागची चाकं त्याप्रमाणे भरा. हेडलाइटची उंची एक-दोन घर खाली, नाहीतर मागून दबलेली गाडी समोरच्याचे डोळे दिपवते.

खरी परीक्षा तानसेन ते बुटवल या उतारात. इतका भार घेऊन सतत ब्रेक दाबला तर ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरा. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर ग्वाल्हेरलाच बदला. बुटवलच्या वर सिद्धबाबाजवळ कड्यावरून दगड येतात, तिथं फोटोसाठी गाडी थांबवू नये.

प्रेषक: काका, भैरहवा

नानांनी गाडीचं सांगितलं, मी नाक्याचं सांगतो.

जाताना आजोबांकडे मूळ आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हवं. मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका. गाडी त्यांच्याच नावाची आणि ते सोबत, म्हणून अधिकारपत्राची कटकट नाही. पलीकडे बेलहियाला भन्सार, म्हणजे कस्टमचा परवाना. फी दिवसावर असते. एक दिवस जास्तीचा घ्या: दरड पडून अडकलात आणि मुदत टळली तर दंड त्या फीहून कितीतरी जड. परवान्यावर तारीख विक्रम संवतात, मंसिर-पुसाची, त्यामुळे शेवटचा दिवस कोणता ते खिडकीवरच विचारून इंग्रजी तारखेनं लिहून घ्या. भारतीय गाडीला वर्षाकाठी ३० दिवसांचीच मुभा असते. आधी दर्शनाला आला असाल तर तेही दिवस त्यातच. नेपाळचं घड्याळ १५ मिनिटं पुढे.

शंभराच्या नोटा सोबत ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात आणि दुकानदार वाद घालत बसत नाही, सरळ नाही म्हणतो. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच. २०२४ पासून नेपाळच्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं.

परतीला सामानाची यादी दोन प्रतींत करा. लॅपटॉप, कॅमेरा यांचे क्रमांक आणि हॉस्पिटलचं सेवा संपल्याचं पत्र सोबत. विमानानं येणाऱ्याला मिळणारी करमुक्त सवलत जमिनीच्या वाटेनं नाही. वापरलेलं वैयक्तिक सामान तेवढं मोकळं. खोक्यातलं नवं कोरं सामान दिसलं की गाडी बाजूला घेतात. निरोपाला कोणी पितळी मूर्ती दिली असेल तर नेपाळच्या पुरातत्त्व विभागाचा दाखला आधी काढा, मूर्ती नवी असली तरी. आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून शाळिग्राम-रुद्राक्षांच्या फर्माइशी येतीलच, त्यांना आत्ताच नाही म्हणा.

एखादा परदेशी सहकारी गाडीत बसणार असेल तर त्याला बेलहियाला निर्गमनाचा आणि सोनौलीला प्रवेशाचा शिक्का घ्यावाच लागेल. गर्दीत त्या कचेऱ्या सहज मागे पडतात, कोणी अडवतही नाही, आणि शिक्का नसल्याचं पुढे विमानतळावर कळतं.

प्रेषक: मामी, काठमांडू

काका, बाळाच्या कागदांचं? जन्मदाखला वडा (वॉर्ड) कार्यालयाचा आहे, एवढाच.

प्रेषक: काका, भैरहवा

मामी, मग गाडीचं सगळं बाजूला ठेवून आधी हे करायला सांगा. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईवडिलांमुळे भारतीय नागरिकत्व मिळायचं तर भारतीय वकिलातीत जन्माची नोंद एका वर्षाच्या आत व्हावी लागते. नंतर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते, म्हणजे ग्वाल्हेरहून पुन्हा पत्रव्यवहार. वडा कार्यालयाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून दिलेलं पत्र घेऊन काठमांडूला जाऊन या. आठ महिने झालेच आहेत. सोनौलीवर आईच्या मांडीवरच्या बाळाला कोणी अडवणार नाही, म्हणूनच लोक हे विसरतात. शाळेत किंवा पासपोर्टच्या वेळी अडतं. मुलीसाठी शाळेचं ओळखपत्र, मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारवर अवलंबून राहू नका.

प्रेषक: नाना, लष्कर, ग्वाल्हेर

आता दिवसांचं. डिसेंबरच्या मध्यानंतर गोरखपूर ते आग्रा कोहरा असतो. पहाटे लवकर निघण्याची आपली सवय तिथं उलटते. सकाळी नऊ-दहाआधी गाडी काढू नये, अंधार पडल्यावर चालवू नये, म्हणजे हातात सहा-सात तास राहतात. पहिल्या दिवशी तानसेन ते गोरखपूर (नाक्यावरचे दोन तास धरून), दुसऱ्या दिवशी लखनौ, तिसऱ्या दिवशी घर. धुक्यात लो बीम आणि फॉग लॅम्प. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला ती उभी वाटते आणि वळणाची खूणही देता येत नाही. काच आतून धूसर झाली तर एसी लावून हवा काचेवर सोडा, हीटर एकट्यानं काम करत नाही.

२१ ला निघाले तर २३ ला पोहोचतील, एक दिवस हाताशी राहील. आणि आजोबांना सांगा, निघताना बेलहियाला भन्सारच्या कागदावर गाडी बाहेर गेल्याचा शिक्का मारून घ्या. तो राहिला तर नोंदीत गाडी नेपाळातच असते आणि पुढच्या खेपेला खिडकीवर दंड काढून दाखवतात.