शेततळ्याला कागद टाकलाय, सुट्टीत पोरं येणारेत, काय काय करून ठेवू?

डाळिंब_संगमनेर

मंडळी, एक विचारायचं होतं. गावाकडं चुलत्यांनी डाळिंबासाठी शेततळं केलंय, ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर म्हणजे १० फूट धरा, आत ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं पोराबाळांसकट गावी जमतो, सगळ्यात लहान ५ वर्षांची आणि मोठा नववीतला. चुलते म्हणतात "पोरांना सांगून ठेवू तिकडं जायचं नाही, झालं." आता सांगून ऐकतील ती पोरं कसली. मोठी दोघं पुण्यात क्लास लावून पोहायला शिकलीत, त्यामुळं त्यांच्या आईबापाला वाटतं यांचं टेन्शन नाही. पण पेपरात दर उन्हाळ्यात शेततळ्यात दोघं भाऊ गेले, मायलेकरं गेली असं वाचतोच की आपण. तर कमी खर्चात काय करता येईल? आणि देव न करो पण कोणी पडलंच तर पहिलं काय करायचं?

द्राक्षबाग_निफाड

भाऊ, पहिलं ते 'पोहायला येतं' डोक्यातून काढा. विहिरीला पायऱ्या असतात, नाहीतर कपार तरी असते, स्विमिंग पुलाला कठडा असतो, कागदाच्या तळ्यात हाताला धरायला काहीच नसतं. पाण्याखाली कागदावर शेवाळ धरतं, पाय टेकला की घसरतो, पट्टीचा पोहणारा पण काठापाशी येऊन येऊन दमतो आणि काठापासून हातभर अंतरावर बुडतो. मे महिन्यात तर जास्तच धोका, मोटर चालून पाणी खाली गेलेलं असतं, पोरगं चप्पल नाहीतर बॉल काढायला बसत बसत कोरड्या कागदावरनं उतरतं आणि ओल्या पट्ट्यावर पाय पडला की संपलं.

आमच्याकडं म्हणून चारी बाजूंनी दोर कायमचे सोडून ठेवलेत. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड, फूट-फूटभर अंतरावर गाठी. वरचं टोक कागद ज्या चरीत गाडलाय तिच्या बाहेर अँगल ठोकून त्याला बांधायचं, चरीच्या आत ठोकाल तर कागद फाटेल. लांबी खोलीएवढी घेऊ नका, दोर उतारावरनं जातो, १० फूट खोलीला २५ फूट तरी घ्या, टोक तळाला टेकलं पाहिजे म्हणजे पाणी कितीही उतरलं तरी हाताला लागेल. एका कोपऱ्यात एक सोडून भागत नाही, ३० मीटरचं तळं म्हणजे एक बाजू १०० फूट झाली, दमलेला माणूस तेवढं पोहून दोराकडं जाणार नाही, प्रत्येक बाजूला दोन तरी पाहिजेत. एका बाजूला टायर एकाला एक बांधून शिडी केलीय. नायलॉन उन्हानं कुजतो, त्याचा भुसा पडायला लागला की बदलायचा.

आणि कुंपण. ५ फूट जाळी, फाटकाला कुलूप, आणि किल्ली खुंटीला नाही, चुलत्यांच्या खिशात. कागदाला लोक लाखभर रुपये घालतात आणि जाळी म्हटलं की हात आखडता, हे मला काही आजवर समजलेलं नाही.

विहिरीचा_राजा

एवढं घाबरवू नका राव. आम्ही पांगाऱ्याचा बिंडा कमरेला बांधून विहिरीत शिकलो, काही झालं नाही. आणि बुडालाच कोणी तर काठावर आणून पालथं घालायचं, पोटाखाली घागर ठेवून दाबायचं, पाणी भळाभळा बाहेर येतं. आमच्या चुलतभावाला असंच वाचवलं. पाय धरून गरगर फिरवतात ते पण बघितलंय.

सिस्टर_ताई

राजा दादा, रागावू नका पण तुमचा भाऊ वाचला तो त्याचा श्वास चालू होता म्हणून, घागरीमुळं नाही. ते भळाभळा येतं ते पोटातलं पाणी, त्यानं माणूस मरत नाही, माणूस मरतो ऑक्सिजन न मिळाल्यानं. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनळीत जाते. वर फिरवाफिरवीत जी मिनिटं जातात तीच महत्त्वाची असतात, मेंदूला ४ ते ६ मिनिटांत इजा व्हायला लागते आणि वाडी-वस्तीवर १०८ ची गाडी तेवढ्यात पोचत नाही. म्हणजे जे करायचं ते तिथं असलेल्यांनीच.

बाहेर काढला की उताणा झोपवा, हाका मारा, श्वास बघा. नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर एकानं १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं लगेच सुरू करायचं. डोकं मागं, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाला तोंड लावून ५ वेळा फुंकायचं, छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबायचं, मोठ्या माणसाला ५ सेंटिमीटर आत, लहान मुलाला छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, मग २ फुंका, परत ३०. गाडी येईपर्यंत नाहीतर तो हलेपर्यंत थांबायचं नाही. हार्ट अटॅकचे व्हिडिओ बघून लोक नुसती छाती दाबतात, बुडालेल्याला श्वास आधी लागतो. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर करून तोंड साफ करा आणि परत चालू.

श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला. आणि उठून बसला, चहा प्यायला तरी दवाखान्यात न्याच, खोकला आणि धाप काही तासांनी वाढू शकते. व्हॉट्सॲपवर ते बुडालेल्याला मिठात झाकून ठेवलं की जिवंत होतो असं फिरतंय ना, ते साफ खोटं, त्यात वाचणारा माणूस पण जातो.

कृष्णाकाठ

आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी ट्रेनिंग केलंय, त्यातलं सांगतो. बुडणारा ओरडत नाही. श्वास घेतानाच मारामार, ओरडणार कुठनं? तोंड पाण्याच्या रेषेला वरखाली, हात बाजूला पाणी दाबल्यासारखे, बघणाऱ्याला वाटतं खेळतोय, आणि हे सगळं मिनिटाच्या आत संपतं. त्यामुळं लहान पोरं पाण्याजवळ असली की एका मोठ्या माणसाचं कामच ते, मोबाईल खिशात. "सगळे आहेत की तिथं" म्हणजे कोणीच नाही.

दुसरं, उडी मारायची नाही. बातमीत दोघं-तिघं का असतात? एक घसरतो, दुसरा हात द्यायला वाकतो, तो पण त्याच कागदावर. बुडणारा मिठी मारतो, सोडत नाही. बांधावर पालथं पडा, कोणीतरी तुमचे पाय धरू दे, आणि काहीतरी फेका. फवारणीच्या औषधाचा ५ लिटरचा रिकामा कॅन धुवून, झाकण घट्ट लावून, दोर बांधून कुंपणाला आतनं अडकवून ठेवा, माणसाचं डोकं वर ठेवायला तेवढा पुरतो कारण पाण्यात वजन फार कमी लागतं. दोर नसेल तर साडी, धोतर, ठिबकची नळी. २०२० ला तामिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणापाशी तीन बायांनी अंगावरच्या साड्या फेकून बुडणाऱ्या चौघांतल्या दोघांना ओढून काढलेलं. बाजूला मोटर असेल तर आधी स्टार्टर बंद करा, पाण्यात करंट उतरलेला असू शकतो आणि मग लोखंडी पाईप घालणारा पण जायचा.

५ वर्षांच्या पोरीसाठी नुसतं तळंच बघू नका, अंगणातला हौद आणि भरलेली बादली पण झाकून ठेवा.

डाळिंब_संगमनेर

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. हाच धागा चुलत्यांना वाचून दाखवला. जाळीला "बघू" म्हणालेत, म्हणजे आम्ही भावंडांनी वर्गणी काढावी असं दिसतंय. दोर आणि कॅन या शनिवारीच करतो. फक्त एक, गोठ्यात ट्रॅक्टरचे जुने टायर पडलेत, शिडीला ते चालतील का?

द्राक्षबाग_निफाड

ट्रॅक्टरचे नको, जड होतात आणि कागद ओढला जातो. मोटरसायकलचे घ्या, पंक्चरवाल्याकडं फुकट मिळतील. कापायचे मात्र नाहीत, कडेची तार बाहेर आली की कागदाला भोक पडलंच म्हणून समजा. बांधताना पण तार नको, नायलॉनच वापरा.