विषय: लेक एकटी पुण्याला जातेय, सूचना पाठवा

प्रेषक: चिटणीस
प्रति: सर्व सभासद
३ जून २०२५

नमस्कार मंडळी,

आपल्या रविवारच्या मराठी शाळेची एक माजी विद्यार्थिनी, वय २३, पाठीवर सॅक टाकून महिनाभर भारतात फिरायला निघाली आहे. एकटी. ९ तारखेला मुंबईत उतरेल, मुख्य मुक्काम पुण्यात, तिथून पुढे मन जाईल तिकडे. पुण्याला ती लहानपणापासून सहा वेळा जाऊन आली आहे, पण दर वेळी मामा गाडी घेऊन विमानतळावर हजर. यंदा मामाच अमेरिकेत, मुलाकडे.

ज्यांना पुण्याची, एसटीची, रेल्वेची माहिती आहे त्यांनी याच विषयाखाली लिहावे. गणपतीचा हॉल आणि वर्गणी यांची मेल वेगळी येईल, ते इथे घालू नये. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

– चिटणीस

* * *

प्रेषक: काका (मूळचे शनिवार पेठ)
४ जून

बाळ,

घाबरायचं काही कारण नाही. मी सांगतो तसं कर. विमानतळावरून सरळ दादरला ये आणि एशियाड पकड. ८२ सालच्या एशियाडसाठी आणलेल्या गाड्या, लाल डब्यापेक्षा सीट कितीतरी बरी. शिवाजीनगरला उतर. स्टँडमधून बाहेर पडलीस की समोर रेल्वे स्टेशन, कुणाला विचारायची गरज नाही.

वेरूळ बघायचं तर त्याच स्टँडवरून औरंगाबादची गाडी. सातारा-कोल्हापूरकडे जायचं तर स्वारगेट. एवढं डोक्यात ठेवलंस की पुणं तुझं. परत येताना मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन सोडू नकोस. १९३० पासून धावते आहे. सकाळी सव्वासातला सुटते आणि तिच्या डायनिंग कारमध्ये बसून खाल्लेला चीज टोस्ट मी अजून विसरलेलो नाही.

रोख पैसे जवळ ठेव, तिकडे कार्ड कुठे घेत नाहीत. आईकडे एक पाकीट दिलं आहे. गेल्या खेपेच्या नोटा कपाटात पडून होत्या, तुझ्या चहापाण्याला होतील.

– काका

* * *

प्रेषक: एक सभासद
४ जून

एकटीच आहे म्हणजे सामान कमी असेल. येताना थालीपिठाची भाजणी दोन किलो आणि कोकम एक किलो आणता येईल का? पैसे इथे देते.

* * *

प्रेषक: मावशी (१४ वर्षं मंडळात, आता कोथरूड)
५ जून

काकांची माहिती वाचली. मुद्देसूद आहे. काकांनी पुणं १९९३ साली सोडलं, माहितीही तेव्हाचीच आहे. पोरी, दादरला पोचलीस की मला फोन कर. आणि भाजणीवाल्यांनो, तिच्या पाठीचा विचार करा.

* * *

प्रेषक: सॅकवाली
१० जून

सर्वांना नमस्कार,

पोचले. मावशीच्या लॅपटॉपवरून लिहितेय, शुद्धलेखनही मावशीचंच आहे.

दादरला मी एका कंडक्टरला विचारलं, "एशियाड कुठे लागते?" तो माझ्याच वयाचा असेल. त्याने दुसऱ्या कंडक्टरला हाक मारली, म्हणाला, "ये, ही बघ एशियाड शोधतीये." दुसरा वयस्कर होता, तो हसला नाही. म्हणाला, "बाळा, ती हिरकणी झाली. पण पाऊस आहे, तू शिवनेरीने जा." त्याने मला रांगेत उभंसुद्धा केलं. मावशीला फोन करायचं राहून गेलं.

पुण्यात शिवाजीनगरला उतरले. पाटीवर शिवाजीनगर बस स्थानक असं स्पष्ट लिहिलेलं. बाहेर पडले. रेल्वे स्टेशन नाही. स्टँडला एक फेरी मारली, तरी नाही. एका रिक्षावाल्या काकांना म्हटलं, "मला शिवाजीनगरला सोडता का?" ते म्हणाले, "हेच की शिवाजीनगर." मी म्हटलं, "हे नाही, स्टेशनजवळचं." ते म्हणाले, "ते पण शिवाजीनगर." असं बराच वेळ चाललं. शेवटी कळलं की मेट्रोच्या कामासाठी स्टँड २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला आणि येताना नाव तेवढं बरोबर आणलं.

भिजले होते म्हणून चहा घेतला. चहावाला म्हणाला, स्कॅन करा. माझं जर्मन कार्ड स्कॅन होत नाही. मग काकांचं पाकीट उघडलं. आत दोन हजारांच्या तीन नोटा. चहावाल्याने एक नोट उजेडात धरली, उलटी केली आणि शेजारच्या वडापाववाल्याला दाखवली. मला वाटलं नोट खोटी आहे. तो म्हणाला, "ताई, खरी आहे, पण ही कुठून काढली?" बारा रुपये त्याने घेतलेच नाहीत.

– सॅकवाली

* * *

प्रेषक: मावशी
१० जून

काकांसाठी खुलासा: दोन हजारांची नोट रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला चलनातून काढून घेतली. नोट रद्द नाही, पण बँकेत भरता येत नाही आणि दुकानदार घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ठराविक १९ कार्यालयांत बदलते, त्यांत पुणे नाही. मुंबई, बेलापूर नाहीतर नागपूर. पोस्टानेही पाठवता येते, पण पैसे भारतातल्या खात्यात जमा होतात. माझं खातं घालून पाठवते. तुमचे सहा हजार सुखरूप आहेत, तुमच्या कपाटापेक्षा जरा लांब एवढंच.

* * *

प्रेषक: आई
१५ जून, दुपारी

मावशी, ती सकाळच्या लोकलने माळवलीला गेली आहे, लोहगडावर. इथे बातम्यांत तळेगावजवळ कुंडमळ्याचा पूल पडल्याचं दाखवतायत. फोन लागत नाही. कुणाला काही कळलं का?

* * *

प्रेषक: मावशी
१५ जून

घरी आली आहे. फोन लोहगडाच्या विंचूकाटा माचीवर फोटो काढता काढता संपला. कुंडमळा तिच्या वाटेत नव्हता, तिची लोकल तळेगाववरून आली इतकंच. मी तिला पुढच्या पंधरवड्यात नदी, धबधबा, धरण यांच्या जवळ फिरकायचं नाही असं बजावलं आहे. पावसाळ्यातला रविवार म्हणून लोक सहज बाहेर पडले होते. रात्री जेवण गेलं नाही मला.

* * *

प्रेषक: सॅकवाली
१९ जून

वेरूळहून परत आले. थोडक्यात सांगते, कारण मावशीला लॅपटॉप हवा आहे, मालिका आहे.

सोमवारी वाकडेवाडीला (आता बरोबर स्टँडवर!) औरंगाबादची पाटी शोधत दीड तास बसले. समोरून छत्रपती संभाजीनगरच्या चार गाड्या गेल्या. मला वाटलं हे दुसरं काहीतरी गाव असेल. पाचवीच्या वेळी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं तेच ते, तूच बसून राहिलीस." त्यातल्या एका गाडीवर अहिल्यानगर मार्गे असंही होतं, म्हणजे नगर. बाबा घरी नगरच म्हणतात.

मंगळवारी सकाळी वेरूळला पोचले. लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी. हे मला गेटवर कळलं. मग घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन देवगिरीवर गेले आणि अंधारीत एका शाळेच्या सहलीत अडकले. चाळीस मुलं एकदम ओरडली की त्या बोगद्यात काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही. एक दिवस जास्त राहून बुधवारी कैलास बघितलं. डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे शाळेत शिकले होते, पण खाली अंगणात उभं राहून वर बघेपर्यंत ते डोक्यात शिरलं नव्हतं.

तिकीट खिडकीवर माझा पासपोर्ट बघून परदेशी दर लावला. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं की भारतीयांचाच दर लागतो म्हणे. कार्ड मावशीच्या कपाटात होतं.

* * *

प्रेषक: काका
१९ जून

गावाचं नाव बदललं म्हणजे गाव हललं असं नाही. दिशा मी बरोबरच सांगितली होती. स्टँडचं मान्य.

* * *

प्रेषक: भाजणीवाली सभासद
२० जून

कोकम नको, पण भाजणी नक्की आण हं.

* * *

प्रेषक: सॅकवाली
२४ जून

आई रागावली आहे, मावशी बोलत नाहीये, म्हणून सगळ्यांना एकदाच लिहिते.

रविवारी सकाळी माझी स्वारगेटहून वाईची गाडी होती. वनाजहून मेट्रोने निघाले, जिल्हा न्यायालयाला बदलून स्वारगेट. (काका, स्वारगेटला गेल्या सप्टेंबरपासून जमिनीखाली स्टेशन आहे. तुमचं स्वारगेट वर आहे तसंच आहे.) गाडीला अजून वेळ होता. टाळांचा आवाज येत होता. पोलिसाला विचारलं, "तू मला सांगतोस का हे काय आहे?" मावशी म्हणते पोलिसाला तू म्हणून मी वाचले ते केवळ माझ्या चेहऱ्यावरचा बावळटपणा बघून. त्याने सांगितलं, दोन्ही पालख्या दोन रात्री पुण्यात होत्या, माऊलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, आज निघाल्या, पूलगेटला जाऊन बघा. मी म्हटलं, अर्धा तास बघून येते.

पूलगेटला एक आजी माझ्या शेजारी चालत होत्या. डोक्यावर तुळस. परभणीकडच्या. त्यांनी माझी सॅक मागून उचलून बघितली आणि म्हणाल्या, "आगं माऊली, एवढं वझं घिऊन घाट चढनार व्हय? टाक की टरकात." मी विचारलं, कुठला घाट? त्या हसल्या. तेवढ्यात कुणीतरी सॅक माझ्या पाठीवरून उतरवून ट्रकमध्ये टाकली, आणि ट्रक गेला. पुढच्या मुक्कामाला.

मग मला चालणं भाग होतं.

हडपसरला रस्ता फुटतो. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते, माऊलींची सासवडला. मी कुठल्या पालखीत आहे हे मला तिथे कळलं. पुण्याहून सासवड साधारण तीस किलोमीटर आणि वारीतली ही सगळ्यात मोठी चाल, हे त्याच्याही नंतर. पायात सँडल होत्या, बूट सॅकला बांधलेले. पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये होता, आई, हे मी तुला पाच वेळा सांगितलं आहे. फोन होता, पण चार्जर आणि पॉवर बँक ट्रकमध्ये.

वडकीला जेवलो. कुणी वाढलं, कुणाच्या पंगतीत, माहीत नाही. भाकरी, पिठलं आणि ठेचा. पाऊस लागला तेव्हा आजींनी एक प्लास्टिकचा कागद माझ्या डोक्यावरून घातला आणि स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. "ठिव तुझ्या पाकिटात. पावसात तसंबी दिसत न्हाई." मी पाऊचमध्ये ठेवला.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. वरच्या वळणावर उभं राहिलं की खाली सगळा रस्ता माणसांचा दिसतो, बाजूला मस्तानी तलाव. मी फोटो काढायला थांबले. दोन मिनिटं. आजी गेल्या. तेवढ्यात फोनही गेला.

सासवडला पोचले तेव्हा संध्याकाळ. शेतात राहुट्याच राहुट्या आणि ट्रकच ट्रक. आजींच्या दिंडीच्या झेंड्यावर १९ आकडा होता, तो मी पाठ केला होता. मला फार हुशार वाटत होतं. पहिल्याच माणसाला विचारलं, "१९ नंबरची दिंडी कुठे आहे?" तो म्हणाला, "रथापुढची का रथामागची?" रथापुढे २७ दिंड्या असतात, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि दोन्हीकडे नंबर एकपासून सुरू होतात. मी रथ बघितला होता, पण तो आमच्या पुढे होता की मागे हे आठवेना. रथापुढच्या १९ मध्ये गेले. त्यांनी चहा दिला. सॅक नव्हती. रथामागची १९ सापडायच्या आत अंधार पडला.

मग समाज आरतीला गेले, कारण सगळे तिकडेच चालले होते. चोपदाराने चोप वर केला आणि इतकी माणसं एकदम गप्प झाली. टाळ बंद, बोलणं बंद. त्या शांततेत दिवसभरात काय हरवलं आणि काय सापडलं ते सांगतात. एक पिशवी. एक म्हातारे बाबा, ते सापडले. आणि मग: निळी मोठी सॅक, बाहेरून बूट बांधलेले, आतल्या चिठ्ठीवरचं नाव वाचता येत नाही.

सॅक ज्या ट्रकमध्ये गेली तो आजींच्या दिंडीचा नव्हताच, त्यांच्या शेजारच्या गावाच्या दिंडीचा होता. त्या लोकांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. बूट कोरडे होते. त्यातल्याच एकाच्या भाच्याचा टेम्पो हडपसरला परत जात होता, दोन बायका होत्या, त्यांच्यात मला बसवलं. रात्री साडेअकराला मावशीकडे. काल दिवसभर झोपले. मावशीने पायाला काहीतरी लावलं, न बोलता.

आज पाऊच धुवायला काढला तर आत आजींचा चष्मा. काडीला दोरा बांधलेला, जाड भिंगाचा.

पालखी आज जेजुरीला आहे, उद्या वाल्ह्याला. आता मला नक्की माहीत आहे, रथामागे १९, सासवडला त्यांनीच सांगितलं की परभणीकडची दिंडी मागे असते. हंपी रद्द केलं. उद्या सकाळी वाल्ह्याला जाऊन चष्मा द्यायचा आहे. कसं जाऊ? एसटी, रिक्षा, काहीही. मावशी बोलायला लागेपर्यंत थांबता येणार नाही.

काका, तुम्ही सांगू नका.

– सॅकवाली

* * *

प्रेषक: काका
२४ जून, रात्री

पुणे–मिरज लाईनवर वाल्ह्याला रेल्वे स्टेशन आहे. पॅसेंजर थांबते. ते अजून तिथेच आहे आणि नावही वाल्हाच आहे, मावशींना फोन करून खात्री करून घेतली. वेळ तेवढी स्टेशनवर विचार, ती मी सांगत नाही.