लेव्हनवर्थ : उसनं बव्हेरिया की कष्टाने वाचवलेलं गाव?

पावसाळी_सिएटल (मूळ धागा)
सांगलीहून आईबाबा आलेत. सगळे म्हणाले, इथल्या वॉशिंग्टन राज्यातलं बव्हेरियन (दक्षिण जर्मन) थाटाचं गाव लेव्हनवर्थ दाखवाच. शनिवारी हायवे २ धरला, स्टीव्हन्स पास ओलांडला आणि साडेबाराला गावात. पार्किंग मिळायला पाऊण तास. फ्रंट स्ट्रीटला दोन्ही बाजूंनी लाकडी सज्जे, त्यांत फुलांच्या कुंड्या, भिंतींवर चित्रं, पाट्यासुद्धा जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत. बाबांनी विचारलं, "इथे जर्मन लोक कधी येऊन राहिले?" हे रूप गावाने १९६०च्या दशकात ठरवून घेतलंय, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

माझंही मन उडालं. कुकू घड्याळं, नटक्रॅकर (अक्रोड फोडायचे लाकडी बाहुले), बारा महिने नाताळची सजावट. जेवायला तासभर रांग, आणि शाकाहारी आईच्या वाट्याला गार प्रेट्झेल नि मोहरीची चटणी. ही जमीन मुळात वेनाची या मूळनिवासी लोकांची. सामन मासा धरायला ते पिढ्यान्‌पिढ्या या नदीकाठी जमायचे. त्या बाजारात त्यांची एक खूण मला दिसली नाही. जागेची स्वतःची एवढी मोठी गोष्ट असताना दुसऱ्याची का आणायची? मला हे पटत नाही.

सफरचंदाची_बाग
मला तुमचं अजिबात पटलं नाही. मी शेजारच्या वेनाची शहरात राहते. १९२०च्या दशकात ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने आपलं ठाणं लेव्हनवर्थहून इकडे हलवलं, लाकडाची गिरणीही बंद पडली. पुढची तीसेक वर्षं गाव नुसतं झिजत होतं. १९६२ मध्ये गावकऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मदतीने सुधारणेचं काम हाती घेतलं. टेड प्राइस आणि बॉब रॉजर्स हे दोघे जवळच कॅफे चालवायचे. कॅलिफोर्नियातलं डॅनिश थाटाचं सोल्व्हँग गाव त्यांनी पाहिलं होतं. डोंगर तर इथे आल्प्ससारखे होतेच, म्हणून बव्हेरियन थाट सुचवला. दुकानमालकांनी पदरचे पैसे घालून एकेक इमारत बदलली. यश येईल याची हमी कोणीच दिली नव्हती हो!

वेनाची लोकांबद्दल मात्र तुम्ही बोललात ते खरंच आहे. अमेरिकी सरकारने १८५५च्या करारात त्यांना इथली मासेमारीची जागा राखून देऊ, असं लिहून दिलं होतं. ते पाळलं नाही.

इसारकाठ
मी म्युनिकमध्ये राहतो. गावाच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण माझा आक्षेप वेगळा आहे. कुकू घड्याळं ब्लॅक फॉरेस्टची, नटक्रॅकर सॅक्सनीतल्या एर्त्सगेबिर्गचे, श्नित्झेल (पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा काप) म्हटलं की ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना. सगळं बव्हेरियाच्या खात्यावर! येवल्याची पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल एकाच फळीवर 'पुण्याची खासियत' म्हणून मांडली तर आपण ऐकून घेऊ का? एर्त्सगेबिर्गमध्ये खाणी ओसरल्या तेव्हा खाणकामगार लाकूडकामाकडे वळले, त्यातून ती खेळणी आली. वस्तू विकताना एवढं तरी सांगा.

सफरचंदाची_बाग
म्हणजे तीही पोटापाण्यासाठीच वळलेली माणसं! मग लेव्हनवर्थवर एवढा राग का?

किल्लेवेडा
@इसारकाठ, तुमच्याकडचा नॉयश्वानस्टाइन किल्ला मध्ययुगीन दिसतो, पण काम सुरू झालं १८६९ मध्ये. राजा दुसरा लुडविग याने जुन्या काळाच्या ओढीने बांधून घेतला, आत नळाचं पाणी आणि गरम हवेची सोयही केली. बव्हेरियातल्याच रोथेनबुर्ग या जुन्या गावाचा मोठा भाग १९४५च्या बॉम्बहल्ल्यात पडला, तो जुन्यासारखा पुन्हा उभा केला. अस्सल-नक्कल ही रेघ तिकडेही सरळ नाहीये.

इसारकाठ
रोथेनबुर्गच्या लोकांनी स्वतःची घरं पुन्हा बांधली. त्याला मी नक्कल म्हणणार नाही. लुडविगचा मुद्दा मान्य.

मिशिगनची_माई
आमच्या मिशिगनमधल्या फ्रँकेनमुथ गावाची मुळं अस्सल आहेत. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या फ्रँकोनिया भागातून १५ जण येऊन वसले. तरी तिथे प्रसिद्ध काय, तर तळलेल्या चिकनचं जेवण! मुळं असली म्हणून ताट जर्मन होतं असं नाही. बाकी @पावसाळी_सिएटल, आईंसाठी पुढच्या वेळी केझेश्पेट्झले कुठे मिळतात ते आधी बघून ठेवा. अंड्याच्या पिठाचे छोटे तुकडे, वर वितळलेलं चीज आणि परतलेला कांदा. अंडं चालत असेल तरच हं. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी आहे का, तेही विचारा. दक्षिण जर्मन पद्धतीत बहुतेक वेळा असतं.

पावसाळी_सिएटल
आई अंडं खाते, लिहून ठेवलं. रेल्वे आणि गिरणीची हकीकत बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "हे तिथेच सांगितलं असतंस तर मी गाव वेगळ्या नजरेने पाहिलं असतं." चूक माझीच, मी काही न वाचता गेलो.

दुकानात बाबा एका नटक्रॅकरपाशी बराच वेळ उभे होते. पाठीमागची दांडी उचलली की जबडा उघडायचा, सोडली की मिटायचा. "अरे, हा तर अडकित्ताच!" म्हणाले आणि आजोबांच्या पानाच्या डब्याची आठवण सांगत बसले. त्या दुपारचं तेवढं एक चांगलं राहिलं माझ्याकडे.

पण वेनाची लोकांबद्दलचं माझं मत कायम आहे. सज्जे राहू देत, फुलं राहू देत. फ्रंट स्ट्रीटवर येणाऱ्याला पहिल्या दहा पावलांत कळायला हवं की ही नदी कोणाची होती. @सफरचंदाची_बाग, त्या मासेमारीच्या जागेपाशी आज जाता येतं का? बाबांना तिथे न्यायचंय.