बॉर्डर कॉली आणि रोजचा दोन तास बॉल

मोकाट: ‘बॉर्डर कॉली टूबीएचकेत मजेत राहतो, रोज दोन तास बॉल फेका, झालं काम.’ हे वाचून डोकं उठलं, म्हणून लिहितोय. मेंढ्या हाकणारा कुत्रा तो, बॉलने दमत नाही, उलट दम वाढतो आणि बॉलचं वेड लागतं. बॉल नसला की सावल्या, पंख्याची पाती, स्कूटरची चाकं. १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प या मूळपुरुष कुत्र्याच्या वंशात टक लावणं न् दबा धरणं निवडून निवडून मुरवलंय. त्यात उन्हात सलग पळवलं, तर काही कॉली दहा-पंधरा मिनिटांत मागच्या पायांनी झोकांड्या खातात. लोक म्हणतात, वा, दमला!

शीळ: मग काय मोकाटराव, सोसायटीत मेंढ्या आणायच्या? लांब दोरीवर हुंगत हुंगत फिरवा, निम्मं खाणं टॉवेलात गुंडाळून शोधायला लावा. आणि गप्प पडणं शिकवावंच लागतं. सतरंजीवर बसला की दाणा तोंडाशी न्यायचा नाही, पंजांच्या मधे सतरंजीवर ठेवायचा. मान टेकली की पुढचा. हातातून भरवलंत तर तो हातावरच डोळे लावून बसेल.

गोचीडग्रस्त: सतरंज्या घाला नंतर. गोचिडांसाठी सर्रास आयव्हरमेक्टिन टोचतात, त्याचं काय? कॉलीला ते विष आहे.

शीळ: गल्लत करू नका. एमडीआर१ या जनुकाचा दोष, ज्याने हे औषध मेंदूत शिरतं, तो रफ कॉलीत न् ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये भरपूर, बॉर्डर कॉलीत क्वचित.

गोचीडग्रस्त: क्वचित म्हणजे शून्य नव्हे! हृदयकृमीसाठी आयव्हरमेक्टिनचा डोस किलोला ६ मायक्रोग्रॅम. गुरांच्या १ टक्क्याच्या बाटलीतलं एक मिली १८ किलोच्या कुत्र्याला गेलं, की किलोला साडेपाचशे! दोष असेल तर बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, तोल जातो, पुढे कोमा. गालाच्या आतला स्वॅब देऊन आधी तपासा, नाहीतर सरळ फ्लुरालेनरची, गोचीड मारणारी गोळी द्या.

मोकाट: सरळ? त्या गोळ्या फिट येणाऱ्या कुत्र्याला जपून द्यायच्या असतात, आणि एपिलेप्सी बॉर्डर कॉलीत चांगलीच माहितीतली आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

गोचीडग्रस्त: बरं बाबा, फिटचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगायचा. मिळालं समाधान?

मोकाट: अर्धं. शीळ, सतरंजीचं पटलं, नाइलाजाने. पण पोरं पळाली की त्यांना घेरून टाचेला तोंड घालतो, त्यावर अजून एक अक्षर नाही.

शीळ: पोरं पळायच्या वेळी त्याला दोरी बांधा, नाहीतर मधे जाळीचं दार लावा. ‘नाही नाही’ ओरडलात, तर त्याला वाटतं तुम्हीही हाकायलाच आलात.