प्रादेशिक मेळाव्यासाठी बाहेरून येणारे बिशप: मान, वेळ आणि भाषा

प्रश्न – सोलापूरची लेक
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, म्हणजे आता अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधली. मेथडिस्ट बांधवांचा प्रादेशिक मेळावा यंदा सोलापुरात आहे आणि त्यासाठी दुसऱ्या प्रांतांतूनही बिशप व पाळक येणार आहेत. उतरण्याची आणि जेवणाची सोय आम्ही आनंदाने अंगावर घेतली आहे. परंतु पाहुण्या बिशपांचे स्थान नेमके काय, अध्यक्षपद त्यांच्याकडे जाते का आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी आम्ही त्यांच्याबरोबर बसावे का, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर – निवृत्त पाळक
ताई, अध्यक्षपद त्या प्रदेशाच्या बिशपांकडेच राहते. पाहुणे बिशप उपदेश करतील, आशीर्वाद देतील, पण परिषदेचे कामकाज चालवणे आणि पाळकांच्या नेमणुका वाचणे त्यांच्याकडे येत नाही. हे लक्षात ठेवून आसने मांडावीत.

मेथडिस्टांमध्ये पाळकीय सेवेच्या दीक्षेच्या पायऱ्या दोनच, आधी डीकन आणि मग एल्डर. बिशप हा निवडून पदावर आलेला एल्डर असतो. त्यामुळे ‘बिशपसाहेब’ एवढे संबोधन पुरते, आणि त्यांच्याशी बोलताना भिण्याचे कारण नाही. १७४४ मध्ये मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्लींनी लंडनमध्ये पहिली परिषद भरवली, तेव्हा काय शिकवावे, कसे शिकवावे आणि काय करावे या प्रश्नांवर मोजक्याच माणसांनी बसून विचार केला होता. बोलण्या-ऐकण्याची ती बैठक हाच या परंपरेचा गाभा आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रभुभोजनाविषयी निःशंक असा. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट तिच्यात सामील झाले नाहीत. पुढे १९८१ मध्ये त्यांची मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाली. संघटना वेगळ्या राहिल्या, तरी मेथडिस्टांचे प्रभुभोजनाचे मेज प्रभूवर प्रीती करणाऱ्या व पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांसाठी खुले असते.

उत्तर – रेल्वे लाईन
माझी विनंती सत्काराबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मेळाव्यास गेलो होतो. तेथे शाल, हार आणि परिचय यांतच सव्वा तास गेला, दुरून आलेल्या पाहुण्यांना बोलण्यास दहा मिनिटे उरली आणि खेड्यांतून आलेल्या प्रतिनिधींना त्यांच्याशी एक शब्दही बोलता आला नाही. ती माणसे रजा टाकून, भाड्याचे पैसे जमवून आली होती. पाहुण्यांना आपण एक सोलापुरी चादर अवश्य द्यावी, मात्र सर्वांना एकदाच, आणि ती व्यासपीठावर न देता जेवणाच्या वेळी द्यावी.

उत्तर – तीन भाषांचे घर
भाषेचाही विचार आताच व्हावा. कलबुर्गी आणि बिदरकडून येणाऱ्यांची कन्नड, हैदराबादकडून येणाऱ्यांची तेलुगू, आणि आपली मंडळी मराठी. वाक्यागणिक भाषांतर करायचे म्हटले की वीस मिनिटांचा उपदेश चाळीस मिनिटांचा होतो, आणि हे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या ध्यानात बहुधा येत नाही. आपल्या शहरात या तिन्ही भाषा घरात बोलणारी माणसे आहेत. त्यांना पाहुण्यांशी आदल्या दिवशी भेटवून द्यावे, म्हणजे शास्त्रवचने कोणती आहेत हे आधी कळेल आणि ती त्या त्या भाषेच्या पवित्र शास्त्रातून थेट वाचता येतील. व्यासपीठावर ऐनवेळी केलेले वचनाचे भाषांतर ऐकताना मला फार त्रास होतो.

सोलापूरची लेक
आपण सर्वांनी फार मोलाचे सांगितलेत. सत्कार जेवणाच्या वेळी ठेवण्याचे आमच्या समितीला आजच सुचवते, आणि त्यातून वाचलेला वेळ गावोगावच्या प्रतिनिधींना बिशपसाहेबांशी बोलण्यासाठी मागून घेते. तेलुगू भाषांतराला माझ्या सासूबाई तयार आहेत. कन्नडसाठी कोणी पुढे येत असेल तर कृपया येथेच कळवावे.